बाईंच्या वडिलांचा मुंडा

बाई काय काम करतात, हे मला सुरुवातीला कुणाला नीट सांगता यायचं नाही. कळंब्याला भाजी घ्यायला गेले की भाजीवाली हमखास विचारायची, "तुमच्या मॅडम कशात हाईत ओ?"

"वस्तू परत करतात," मी म्हणायची.

"कुणाच्या?"

"ज्याच्या त्याच्या."

"आणि नेलेल्या कुणी?"

"दुसऱ्याच लोकांनी."

"मग ह्या का परत करत्यात? नेणाऱ्याला हात न्हाईत व्हय?" असं म्हणून ती मेथीची जुडी माझ्या पिशवीत कोंबायची. मला घरी जाईपर्यंत वाटत राहायचं, आपण बाईंच्या कामाचं काहीतरी हलकं करून सांगितलं.

आता सांगता येतं. बाई मानववंशशास्त्रज्ञ आहेत. माणसं कशी राहतात, कशाला देव म्हणतात, मेलेल्यांचं काय करतात, याचा अभ्यास त्यांनी आयुष्यभर केला. जुन्या बंगल्यांमध्ये, संग्रहालयांच्या कोठारांमध्ये मुखवटे, ढोल, देवांचे टाक पडलेले असतात. कधीतरी कुणीतरी ते गावांतून विकत आणलेले, मागून आणलेले, नाहीतर सरळ उचलून आणलेले. ते कुठल्या गावचे हे शोधायचं, तोवर त्यांना कीड लागू द्यायची नाही, आणि गावाला हवे असतील तर पोचवायचे. हे बाईंचं काम. त्या स्वतः कोरकू आहेत. मीही. आमची गावं मेळघाटात, एकाच नदीकाठची. कोल्हापुरात आमची भाषा बोलणारं तिसरं कुणी मला अजून भेटलेलं नाही.

बाई आमच्याकडच्या आश्रमशाळेतून निघून इतक्या लांब शिकत गेलेल्या पहिल्या. मी तशाच एका शाळेतून सहावीत निघाले ती परत गेलेच नाही. आईला कामाला हात हवे होते, आणि खरं सांगायचं तर मला गुरुजींची भीतीही वाटायची. पुढे लग्न झालं, नवऱ्याबरोबर रस्त्याच्या कामावर फिरत फिरत कोल्हापूरला आले, आणि नवरा एक दिवस दुसऱ्या टोळीबरोबर गेला तो गेलाच. मी एस.टी. स्टँडवर लेकीला आमच्या भाषेत रागावत बसले होते. समोरून जाणारी एक बाई थांबली आणि त्याच भाषेत म्हणाली, "तिला का रागावतेस? भूक लागलीय तिला." तेव्हापासून मी बाईंच्या घरी आहे. माझी लेक त्यांच्या घरातून शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन सासरी गेली. या उपकाराचं काय करायचं हे मला कधीच कळलं नाही. म्हणून मी पोळ्या मऊ करते.

बाईंच्या संग्रहालयाच्या कोठारात माणूस कमी असला की बाई मलाही नेत. मऊ कुंचल्यानं धूळ कशी काढायची, कडुनिंबाची वाळलेली पानं कापडात बांधून कुठं ठेवायची, किडीच्या भोकात सुईनं औषध कसं सोडायचं, हे मी त्यांच्याकडे शिकले. त्यांचा एकच कडक नियम होता, लाकडाला पाणी लावायचं नाही. ओल्या फडक्यानं पुसलेलंही त्यांना चालायचं नाही. "किडीला आणि बुरशीला कळत नाही गं, हा देव आहे की दार आहे," त्या म्हणायच्या.

एकदा जव्हारकडच्या एका गावात मुखवटा परत करायला गेलो होतो. गावच्या म्हातारीनं तो मांडीवर घेतला आणि त्याच्या गालावर चापटी मारली. "एवढे दिवस कुठं उंडारत होतास रे?" सगळे हसले, मग रडले. बाईंनी गाडीत बसल्यावर मला विचारलं, "आपल्याकडे कोण असं रागावेल गं?" मला काय विचारतायत हे तेव्हाच कळलं. त्या त्यांच्या वडिलांच्या मुंड्याबद्दल बोलत होत्या.

मुंडा म्हणजे मेलेल्या माणसाचा खांब. आमच्यात माणूस गेलं की काही वर्षांनी, घरची सोय होईल तेव्हा, भावकी जमते. सागाचा खांब कोरतात. वर सूर्य आणि चंद्र, खाली घोड्यावर बसलेला माणूस. मग वाजतगाजत नदीवर नेऊन त्याला आंघोळ घालतात, हळद लावतात, आणि कुळाचे बाकीचे खांब असतात त्या झाडाखाली रोवतात. तोवर गेलेलं माणूस घराभोवती फिरत राहतं. खांब रोवला की बसतं. आमच्या नदीकाठची तरी रीत अशी आहे. दुसऱ्या खोऱ्यात वेगळी असेल.

बाईंच्या वडिलांचा खांब त्यांच्या काकांनी कोरला होता. वडिलांना डोळ्यांच्या शिबिरात चष्मा मिळाला होता आणि तो ते झोपतानाही काढत नसत, म्हणून काकांनी घोडेस्वाराला चष्मा कोरला. गावात यावर पुष्कळ बोलणं झालं म्हणे. बाईंनी ते पाहिलं नाही. त्यांची परीक्षा होती. वडिलांच्या खांबाला लेकीनं तांब्याभर पाणी घालायचं असतं, ते त्यांच्या जागी चुलतबहिणीनं घातलं. पुढच्या सुट्टीत त्या गेल्या तोवर झाडाखालचे तीन-चार खांब कुणीतरी जीपमध्ये घालून नेले होते. त्यात वडिलांचाही होता.

तेव्हापासून बाई कुठल्याही संग्रहात शिरल्या की आधी चष्मा शोधायच्या. दुसऱ्यांच्या कितीतरी वस्तू सापडल्या, परत गेल्या. हा सापडला नाही. मग आई गेली. काकांनी निरोप पाठवला की वहिनीला वेगळा खांब करणार नाही, दादाच्याच खांबावर बसवणार, तो शोधा. म्हणजे आईही थांबलेली. आईला बसायला जागा मिळावी तर वडील सापडायला हवेत, अशी गोष्ट होती ती. बाई बोलत नसत, पण घरात आम्ही दोघीच असताना मला ते दिसायचं.

आणि तो सापडला पन्हाळ्याच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात.

कोठारातल्या एका साहेबांच्या निवृत्तीचं जेवण होतं. मी हात धुवायला गेले, तर बेसिनशेजारी एक कोरीव खांब, त्याला दिव्यांची माळ गुंडाळलेली आणि खिळ्याला टॉवेल लटकवलेला. मी टॉवेलला हात पुसले. मग टॉवेल बाजूला झाला आणि मला चष्मा दिसला. मी नुसती जाऊन बाईंच्या पदराला धरलं, लहान मूल धरतं तसं.

बाई खांबासमोर किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. हॉटेलचे मालक आले, मोठे अघळपघळ गृहस्थ.

"काय बघालायसा, मॅडम? लई जुना पीस हाय. राजस्थानचा."

"राजस्थानचा नाही," बाई म्हणाल्या. "हे माझे वडील आहेत."

"आँ?"

बाईंनी सांगितलं. मुंडा म्हणजे काय, चष्मा का आहे, आई का थांबली आहे. मला वाटलं, हा आता हसेल, नाहीतर कागद दाखवा म्हणेल. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग एकदम वेटरवर ओरडला, "आरं ए, त्यो टावेल काढ आधी तिथनं! आणि ती लायटिंग बी काढ. माणूस हाय त्ये." स्वतः चपला काढून बाजूला ठेवल्या. "मॅडम, न्या की. बापाला कोण हाटेलात ठेवतंय व्हय? मला विकणाऱ्यानं नक्षीकाम म्हणून विकला. आमास्नी काय ठावं?"

बाईंनी खांबावर हात ठेवला. तोच म्हणाला, "एवढी वर्षं त्यास्नी पांढऱ्या रश्श्याचा नुसता वास दिला, पोटात काय घातलं न्हाय, एवढं मात्र तुमच्या गावात सांगू नका." मग त्यानं खांबासमोर एक ताट वाढून ठेवायला लावलं, आणि आम्हांला जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्या दिवशी बाई हसत होत्या. मी त्यांना एवढं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

खांब घरी आला. व्हरांड्यात दोन पाटांवर आडवा ठेवला. हॉटेलवाल्यांनी वरून चकचकीत व्हार्निश मारलं होतं. बाईंनी ते कापसाच्या बोळ्यानं, थोडं थोडं करून काढलं. खालचा काळा थर, म्हणजे रोवताना लावलेलं तेल, धुराची काजळी, जुनी हळद, त्याला त्यांनी धक्का लागू दिला नाही. "हा थर म्हणजेच तो खांब आहे," त्या म्हणाल्या. किडीची भोकं भरली. कोठारातल्या पोरी बघायला आल्या, त्या म्हणाल्या, मॅडम, असं काम आम्ही बघितलेलं नाही. काकांना फोन केला. काका म्हणाले, फाल्गुनात या, वहिनीचंही उरकू.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी बाई म्हणाल्या, "पाणी तापव."

मी तापवलं. मला वाटलं, त्यांना न्हायचं आहे. तर त्यांनी घंगाळ व्हरांड्यात मागवलं, पाण्यात हळद कालवली आणि तांब्या हातात घेतला.

"बाई, लाकडाला पाणी..." मी म्हणाले.

"आज ते लाकूड नाही गं." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "सगळ्यांनी घातलं, माझंच राहिलं. एवढ्या लांबून, हॉटेलातून, कुठून कुठून फिरून आले ते. घरी जायच्या आधी लेकीनं आंघोळ घालू नये?"

मला ते इतकं बरोबर वाटलं की माझेच डोळे भरून आले. आपल्या हातानं मेलेल्या बापाला पाणी घालायला मिळणं, हे किती जणींच्या नशिबी येतं? बाईंनी वरपासून खालपर्यंत पाणी सोडलं, चष्म्याच्या काचा बोटानं पुसल्या, पदरानं टिपून घेतलं. मग आम्ही खांब उन्हात नाही, सावलीत, वाऱ्यावर सुकवला. पाणी लागलं तरी तेवढी काळजी त्यांनी घेतलीच.

मेळघाटापर्यंतचा रस्ता मी जीपच्या मागच्या सीटवर खांबाशेजारी बसून काढला. गोधडीत गुंडाळलेला तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून आल्यासारखा होता. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव वर यायचा. तडा गेला तर? कुणी अडवून विचारलं तर? बाई पुढे बसून गाणं गुणगुणत होत्या. मला वाटलं, एवढी वर्षं मी यांची चिंता केली, आता संपली.

गावात माणसं जमली होती. काका आता फार म्हातारे, डोळ्यांनी कमी दिसतं. आमच्या भाषेतलं बोलणं मी इथे मराठीत लिहिते. काकांनी खांब अंगणात उभा करायला लावला आणि बोटांनी वाचत गेले. सूर्य, चंद्र, घोड्याची मान. चष्म्यापाशी आले तेव्हा म्हणाले, "हा मीच कोरला. डावी काच मोठी झाली होती, दादा असता तर शिव्या घातल्या असत्या." सगळे हसले. मग त्यांची बोटं खाली गेली, घोड्याच्या पायांच्या खाचेत थांबली. बोट नाकाशी नेलं.

"ही हळद ताजी आहे," ते म्हणाले. "जुनी नाही. कुणी लावली?"

मला काय झालं आहे ते कळलं नव्हतं, पण काकांचा आवाज ऐकून माझ्या तोंडात खोटं तयार झालं. हॉटेलवाल्यांनी लावली, पूजा करत होते बिचारे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाई बोलल्या.

"मी, काका. कोल्हापुरात आंघोळ घातली. माझी राहिली होती ना."

"पाण्यानं?"

"हळदीच्या पाण्यानं."

"दुसऱ्यांदा," काका म्हणाले. प्रश्न नव्हता तो. एक म्हातारी उठून आत गेली.

मग काकांनी सांगितलं, हळू, लेकराला सांगावं तसं. पहिली आंघोळ बसवण्याची असते. दुसरी निरोपाची. वरच्या अंगाचं गाव वाघांच्या जंगलातून उठवलं गेलं तेव्हा तिथल्या म्हाताऱ्यांनी कुळाच्या सगळ्या खांबांना दुसरी आंघोळ घातली होती, आता आम्ही इथे नाही, तुम्हीही मोकळे व्हा असं म्हणून, आणि खांब नदीत सोडले होते. एकदा मोकळं केलेल्याला परत बोलवत नाहीत. तो येत नाही असं नाही. बोलवणं बरं नाही.

"तू नव्हतीस तेव्हा," काका म्हणाले.

बाई नव्हत्या. त्या वर्षी त्या दुसऱ्याच जिल्ह्यात, दुसऱ्याच लोकांचे ढोल परत करत होत्या. त्यांनी आपल्या लोकांमध्ये बसून किती प्रश्न विचारले असतील, किती म्हाताऱ्यांचं बोलणं टेप केलं असेल. खांब कसा कोरतात, कसा रोवतात, काय गातात, सगळं त्यांना माहीत होतं. दुसऱ्या आंघोळीचं कुणी बोललं नव्हतं. जे सहसा कुणी करतच नाही, ते सांगायचं कुणाच्या मनात येणार? आणि मी तर लग्न झालं तसं गाव सोडलं. माझ्या आईला माहीत असेल. तिला विचारायला मी कधी फार थांबलेच नाही.

"मग आई?" बाईंनी विचारलं.

काका नातवाला म्हणाले, खांब उचला.

नदीला त्या दिवसांत पाणी कमी होतं, पण एक डोह होता. काकांनी बाईंना पुढे केलं. "तूच पाणी घातलंस, तूच सोड. नाहीतर अडकून राहील तो."

मी बाईंचे हात बघत होते. त्या हातांनी एवढी वर्षं लाकडाला पाण्यापासून, किडीपासून, उन्हापासून वाचवलं. कोठारात गळणाऱ्या छताखाली रात्ररात्र उभं राहून टोपल्या धरल्या. त्याच हातांनी त्यांनी वडिलांना डोहात ठेवलं. खांब बुडाला नाही. साग जुना, सुकलेला. तो तरंगला आणि एका दगडाला टेकून थांबला, चष्मा वर. बाई गुडघाभर पाण्यात गेल्या आणि त्याला हातानं ढकललं. परत थांबला. परत ढकललं. कुणी मदतीला गेलं नाही, जायचं नसतं. शेवटी तो वळला आणि धारेला लागला.

परत येताना काकांचा नातू म्हणाला, "आत्या, फोटो तरी काढायचा होता." बाई म्हणाल्या, "काढलेत मी. पुष्कळ."

मला अजून वाटतं, त्या दुपारी पाणी तापवायला म्हटल्यावर मी म्हणायला हवं होतं, बाई, काकांना एक फोन करू या का? पण कशासाठी म्हणाले असते? आनंदाच्या कामाला कुणी विचारून परवानगी घेतं का? हा विचार मी किती वेळा इकडून तिकडे करून पाहिला. त्यातून काही निघत नाही, फक्त झोप जाते. बाईंशी मी त्याबद्दल कधी बोलले नाही. त्यांनीही माझ्यासमोर वडिलांचं नाव काढलं नाही. कामावर त्या जात राहिल्या, पण आता एखादी वस्तू परत करायची ठरली की पोरींना सांगतात, हात लावायच्या आधी गावाला विचारा. पोरी म्हणतात, मॅडम, काय विचारायचं? बाई म्हणतात, "काय करायचं ते नका विचारू. काय करायचं नाही ते विचारा." पोरी लिहून घेतात. त्यांना वाटतं, ही पुस्तकातली शिकवण आहे.

पुढच्या फाल्गुनात आईचं कार्य झालं. काकांनी हट्टानं खांब स्वतःच कोरला, नीट दिसत नसताना, नातवाला शेजारी बसवून. आम्ही गेलो तेव्हा तो नदीकाठी तयार होता. वर सूर्य, चंद्र. खाली घोडा. घोड्यावर बाईंची आई, पण मागे सरकून बसलेली, आणि तिच्या पुढची जागा मोकळी.

बायकांमध्ये कुजबूज झाली. एकीनं विचारलंच, "म्हाताऱ्या, मधे का नाही बसवली? घोडा रिकामा दिसतो."

"पुढं सरक म्हटलं तर ती सरकली असती का कधी?" काका म्हणाले. "मी दीर आहे तिचा. मला माहीत आहे."

बायका हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी तांब्या भरून घेतला आणि थांबल्या. काकांकडे बघितलं.

"पहिलीच आहे," काका म्हणाले. "घाल."

बाईंनी पाणी घातलं. आईच्या डोक्यावरून, पुढच्या रिकाम्या जागेवरून, घोड्याच्या पाठीवरून ते खाली गेलं. तांब्या रिकामा झाल्यावरही त्या तो तसाच तिरका धरून उभ्या होत्या, मागची बाई तो त्यांच्या हातातून काढून घेईपर्यंत.